भरतीचं कोष्टक

बँकेची शाखा मिटली, मग भिंतीतलं यंत्रही काढून नेलं.
तिथे आता नव्या सिमेंटचा एक चौकोन आहे,
बाकीच्या भिंतीहून गोरा.

एक मंगळवार सोडून निळी बस येते चौकात,
चाकांवरची बँक, पन्नास मिनिटं थांबते.
एर्मितास कागद आणते बिस्किटांच्या डब्यात.
त्यातच नवऱ्याची कवळी आहे,
कारण ती कुठे ठेवावी, तिला अजून सुचलेलं नाही.

माझा आमान्सिओ फेब्रुवारीत गेला.
चौपन्न वर्षं मी या खाडीच्या चिखलात
गुडघाभर वाकून तिसऱ्या उकरल्या,
पैसे त्याच्या हातावर ठेवले,
त्याने ते कुठे ठेवले, विचारलं नाही.
फार विश्वास होता म्हणून नव्हे.
विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

मग पत्र आलं: आपला पासवर्ड नोंदवा.
मी दोन दिवस शोधला.
त्याच्या कोटाचे खिसे, आरशामागची फट,
गळांचा डबा.
मला वाटलं, काहीतरी वस्तू असेल.

गालिसियात म्हाताऱ्यांना शिकवायला सरकारनं कुणी धाडलं नाही.
इरिया आपणहून येते, गुरुवारी,
मासळीच्या लिलावाच्या हॉलात, जिथे बाकंही ओली असतात.
वय तेवीस. अर्ध्या डोक्याचे केस कापलेले.
पहिल्या दिवशी म्हणाली, तुम्हाला काय काय येतं?
आम्ही गप्प.
येत असतं तर आलो असतो का, पोरी?

तिला माझ्या पिशवीतलं कोष्टक दिसलं,
भरती-ओहोटीचं, मिठानं फुगलेलं.
"हे वाचता येतं?"
हसूच आलं. ज्या बाईला येत नाही, ती आमच्याकडे बुडते.
हा वार, ही वेळ, आणि हा आकडा बघ:
हा मोठा असला की पाणी लांब जातं,
भोळ्या माणसाला वाटतं, वाळू आपलीच,
आणि मग तेवढंच पाणी तेवढ्याच घाईनं परत येतं.
ती खडू धरून उभीच राहिली.
फळ्यावर लिहिलं: मुद्दल, दर, मुदत.
"ओब्दुलिया, आता हे वाच."

वाचलं. सगळं कळलं असं नाही.
चक्रवाढ अजून माझ्या अंगावर येते.

तिसऱ्या गुरुवारी शेनेरोसाचा फोन वाजला.
बँकेतून बोलतोय, गोड आवाज, खातं आज बंद होईल.
तिने फोन ठेवला नाही, नुसता मांडीवर पालथा घातला
आणि म्हणाली, मागच्या वर्षी मी सहाशे पाठवलेत याला.
मुलाला सांगितलेलं नाही.
सांगितलं असतं तर तो चावी मागेल, मग पाकीट, मग घर.

अळीमिळी गुपचिळी.
छतावरून पाणी ठिबकत होतं.

एर्मितासनं डब्याचं झाकण लावलं. "माझे नऊशे."
मागून कुणीतरी: दोनशे चाळीस.
साडेतीनशे, आणि एक अंगठी.
हजार, म्हणाला बोटीचा जुना तांडेल,
टोपी हातात घेऊन.
त्या हॉलात बोली अशीच लागते,
फक्त तेव्हा विकत घ्यायला कुणीतरी उभं असतं.
इरियानं एकही आकडा फळ्यावर लिहिला नाही.
फोन मांडीवर अजून बोलत होता.
शेनेरोसानं तो उचलला, कानाला लावला,
आणि आमच्या चिखलाच्या भाषेत असं काही बोलली
की ते मी इथे सांगणार नाही.

काल मंगळवार.
बसमधल्या मुलानं कागद पुढे सरकवला,
इथे सही करा आजी, नेहमीचंच आहे.
बोट ठेवून दाखवली रिकामी रेघ.
मागे अकरा जण, वर ढग, बस निघायला वीस मिनिटं.

मी पिशवीतून चष्मा काढला.
पुसला.
पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

रांगेतून कुणीही कुरकुरलं नाही.